मुलांचा आवाज मुलांच्याच तोंडून ऐकू येऊ द्या

आज सकाळी नातवाच्या शाळेचे स्नेहसंमेलन पाहून आले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यापासून नवी मुंबईतल्या नेरूळपर्यंत अनेक शाळांत आता हेच चालते. सातवीच्या मुलांनी शिवरायांच्या बालपणावर नाटक सादर केले. जरीचे अंगरखे होते, थर्माकोलचा बुरूज होता, मागे एलईडी पडद्यावर सह्याद्री होता, आणि मुले मुकी होती. प्रत्येक वाक्य आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून आणलेले, तेही मोठ्या माणसांच्या आवाजात. मुलांनी त्यावर फक्त ओठ हलवायचे आणि ठरलेल्या ठिकाणी हात उचलायचे. जिजाऊंची भूमिका करणारी मुलगी मध्येच गांगरून तोंड मिटून उभी राहिली, तरी तिचे वाक्य ध्वनिवर्धकातून चालूच राहिले. टाळ्या वाजल्या, मोबाइल वर झाले, आणि भाषणात सांगण्यात आले की अशा उपक्रमांतून मुलांचा आत्मविश्वास वाढतो.

मला याचा मनापासून राग आला आहे. ज्या मुलांच्या तोंडून एक शब्दही बाहेर पडू दिला नाही, त्यांचा आत्मविश्वास कशाने वाढला? घरी येताना रिक्षात नातू म्हणाला, "आजी, बरं झालं ना, चुकायची भीतीच नव्हती." त्याला हायसे वाटले होते आणि मला मात्र पोटात तुटल्यासारखे झाले. चुकण्याची ही भीती चार माणसांसमोर, सांभाळून घेणाऱ्या वर्गात, लहानपणीच अनुभवायची आणि ओलांडायची असते. तीच आपण त्याच्यापासून काढून घेतली.

मी निवृत्त होईपर्यंत कळव्याच्या एका शाळेत मराठी शिकवत असे. सहावी-सातवीच्या मुलांना आठवड्यातून एक तास नाटकाचा मिळावा म्हणून मी कार्यानुभवाचा एक तास मागून घेतला होता. त्या वर्गात यवतमाळकडून आलेली एक मुलगी होती. वडील गवंडीकाम करत, आई चार घरची धुणीभांडी करी. वहीत नेटके लिहायची, पण तिची बोली वऱ्हाडी, त्यामुळे तिने तोंड उघडले की वर्गात खसखस पिके. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिने वर्गात बोलणेच सोडले होते. हजेरीला नाव पुकारले की ती नुसता हात वर करी.

चौथीपर्यंत "बाई, मी सांगू? मी सांगू?" म्हणून बाकावर चढणारी मुले सहावी-सातवीत गप्प होतात, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे. मुलांचा आवाज फुटू लागतो आणि भर वाक्यात किनरा होतो, म्हणून ते एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात. मुली खांदे पुढे काढून, दप्तर छातीशी धरून चालू लागतात. आपल्याकडे सगळे बघत आहेत असे त्यांना चोवीस तास वाटते. नेमक्या याच वयात शाळा वेळापत्रकातून गाणे, नाटक, चित्र एकेक करून काढून टाकतात आणि तिथे शिष्यवृत्तीचे किंवा फाउंडेशनचे, म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षांच्या तयारीचे, तास बसवतात. गणित यायलाच हवे, हे मलाही कळते. पण उत्तर येत असूनही हात वर न करणारे मूल त्या गणिताचे काय करणार?

नाटकाच्या तासाला सुरुवातीचे कित्येक आठवडे मी कोणालाच संवाद देत नसे. आधी आरशाचा खेळ चाले. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, एकाने हात, मान, खांदा हलवायचा आणि दुसऱ्याने त्याचे प्रतिबिंब व्हायचे. वेग इतका संथ ठेवायचा की बघणाऱ्याला माणूस कोण आणि आरसा कोण हे ओळखता येऊ नये. या खेळात जोडीदाराला फसवायचे नसते, सांभाळून बरोबर न्यायचे असते, हे मुलांच्या ध्यानात यायला वेळ लागतो. ते आले की एकमेकांना हसणे बरेच कमी होते. मग स्तब्ध चित्राचा खेळ. मी म्हणे, "कळवा स्टेशनात सकाळची लोकल आली," आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत पाच-सहा जणांनी ते दृश्य अंगाने उभे करून तसेच थिजून राहायचे. ज्याच्या खांद्याला माझा हात लागेल, त्याने त्या प्रवाशाच्या मनात त्या क्षणी काय चालले आहे ते एका वाक्यात सांगायचे. पाठांतर नाही, चूक-बरोबर नाही, गुण नाहीत. "आज परत लेटमार्क," "माझी चप्पल कुणाच्या पायाखाली आहे," "आईला ताप आहे आणि मी निघालोय." ही वाक्ये अशा मुलांच्या तोंडून येत, ज्यांनी निबंधात दोन ओळींपुढे कधी मजल मारली नव्हती.

हे खेळ माझे नव्हेत. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी अमेरिकेत शिकागोमध्ये, विशेषतः 1939 ते 1941 या काळात, स्थलांतरितांच्या आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करताना नाट्यखेळांची अशी पद्धत घडवली. भाषा वेगवेगळ्या, घरे वेगवेगळी, म्हणून शब्दांच्या आधी खेळ. हे मी वाचले तेव्हा मला माझा कळव्याचा वर्गच डोळ्यांसमोर दिसला.

तर त्या मुलीबद्दल सांगत होते. एके दिवशी आम्ही बाकांची टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस केली. कंडक्टर कोण होणार असे विचारल्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले आणि ही उठली. कंपासपेटीला पट्टा बांधून तिने ती गळ्यात अडकवली. पहिल्यांदा ती नुसतीच पुटपुटली. मी तिला "मोठ्याने बोल" म्हटले नाही, कारण तसे म्हटले की भिणारे मूल आणखी आत जाते. मी मागच्या प्रवाशांना सांगितले की, कंडक्टरचे बोलणे स्पष्ट ऐकू येईपर्यंत कोणीही तिकिटाचे पैसे काढायचे नाहीत. ते खुशाल खिडकीबाहेर बघत बसले. तिने एकदा मागे पाहिले, मग वरची दोरी ओढल्यासारखा हात करून एक घंटी दिली, बस थांबवली आणि दाराशी लोंबकळणाऱ्या मुलांवर ओरडली, "समोर सरका ना जी, काऊन दारातच उभे रायले?" वर्ग हसला, पण तिला नव्हे, त्या प्रसंगाला हसला, आणि दारातली मुले खरोखर पुढे सरकली.

पुढे सरकली! आपण बोललो आणि माणसे हलली, हा अनुभव तिला त्या शाळेत पहिल्यांदा आला. आज ध्वनिमुद्रित संवादावर ओठ हलवणाऱ्या त्या मुलीला हा अनुभव कुठून येणार? तिने काहीही केले असते तरी मावळे ठरलेल्या क्षणालाच आत आले असते. नाटकात सोबतचा वाक्य विसरला की दुसरा सांभाळून घेतो, काहीतरी जुळवून बोलतो, प्रवेश पुढे नेतो. ते मुद्रण मात्र कोणासाठीही थांबत नाही.

वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत नाटकाचा पहिला प्रयोग केला, आणि त्याच दिवसाच्या स्मरणार्थ आपण 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. त्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रे प्रसंगाला धरून आयत्या वेळी आपल्या शब्दांत भाषणे करीत असत. कथा माहीत, पात्र माहीत, आणि बोलणे ज्याचे त्याचे. ज्या रंगभूमीची सुरुवात अशी झाली, तिथल्या शाळकरी मुलांना आपण उसन्या आवाजावर ओठ हलवायला शिकवतो, याचे कोणाला काहीच वाटत नाही का?

मोठ्या नाट्यगृहात लहान मुलांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे कठीण असते आणि चार माइकांत ते निभावत नाही, हे मान्य आहे. मग नाट्यगृहाचा हट्ट कशाला? एकेका वर्गाच्या पालकांना शाळेत बोलवा, बाके भिंतीला लावा, मुलांनी स्वतः रचलेला पंधरा मिनिटांचा प्रवेश माइकाशिवाय होऊ द्या. वेळ नाही असे मला कोणी सांगू नये. या संमेलनासाठी महिनाभर दुपारचे तास बुडवून ओठांची तालीम चालली होती, हे नातवानेच मला सांगितले. तेवढ्या तासांत वर्गातले प्रत्येक मूल उभे राहून बोलले असते. इथे ठरावीक चुणचुणीत मुलांना भूमिका मिळाल्या आणि बाकीचे भाले घेऊन मागे उभे राहिले. घाबरणारे मूल मागे आणि धीट मूल पुढे, ही वाटणी शाळेनेच पक्की करून दिली.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला, म्हणून हेही लिहिते. ज्या तरुणाने हे संमेलन बसवले, तो नाट्यगृहाबाहेर मुलांच्या तलवारी मोजून टेम्पोत भरत होता. त्याच्याशी बोलले. तो एकांकिका करतो, दिवसा तालमी घेतो, आणि संमेलनांच्या मोसमात जी कमाई होते तिच्यावर पुढचे काही महिने काढतो. तो म्हणाला, "मॅडम, शाळेला चूक चालत नाही." त्याच्यावर मी काय रागावणार? ठाण्यात आणि नवी मुंबईत एकांकिका करणारी अशी कितीतरी मुले-मुली आहेत. डिसेंबरात महिनाभर बोलावण्यापेक्षा त्यांना जूनपासून दर आठवड्याला एका तासासाठी बोलवा. त्यांचे पोट चालेल आणि आपल्या मुलांची तोंडे उघडतील.

आणि ठाण्यात हे होऊ शकत नाही असे तर कोणी म्हणूच नये. रत्नाकर मतकरी यांनी उतारवयात याच शहरातल्या वस्त्यांमधली मुले हाताशी धरून 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. ती मुले आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवत आणि स्वतःच्या भाषेत बोलत. मतकरी 2020 मध्ये गेले. वस्तीतल्या मुलांना जे मिळाले, ते हजारोंची फी भरणाऱ्या आपल्या मुलांना मिळत नाही, आणि आपण संमेलनाच्या वेशभूषेचे पैसे मुकाट्याने भरतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम अशी कडक विभागणी नसावी असे स्पष्ट म्हटले आहे. शाळा ते धोरण आपल्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापतात, तर त्याप्रमाणे नाटकाचा तासही द्यावा.

कोणी म्हणेल, प्रत्येक मूल रंगमंचावर चमकायलाच हवे का? नको. ती कळव्याची मुलगी पुढेही मितभाषीच राहिली, वक्तृत्व स्पर्धेला तिने ठाम नकार दिला आणि मी तिला आग्रह केला नाही. पण त्याच वर्षी घटक चाचणीत तिच्या बरोबर उत्तराला गुण मिळाले नव्हते, तेव्हा ती वही घेऊन शिक्षकखोलीत आली आणि सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाली, "बाई, हे उत्तर बरोबर आहे, तुम्ही परत बघा." विषय माझा नव्हता, भूगोलाचा होता. भूगोलाच्या बाईंनी परत पाहिले आणि गुण दिले. मला मुलांसाठी एवढेच हवे आहे. कौतुकाची ढाल नसली तरी चालेल.

सोमवारी मी मुख्याध्यापकांना भेटायला जाणार आहे. सहावी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास नाटकाचा असावा, त्यात वर्गातले प्रत्येक मूल असावे, आणि पुढच्या संमेलनात मुलांचे संवाद मुलांनीच बोलावेत, अशी लेखी मागणी करणार आहे. शिक्षक नाही असे म्हणाले, तर जूनपासून तो तास मी स्वतः विनामोबदला घ्यायला तयार आहे. ज्या पालकांची मुले याच शाळेत आहेत, त्यांनी रविवार संध्याकाळपर्यंत मला निरोप द्यावा, म्हणजे पत्रावर सह्या घेता येतील. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी या भागांत कोणी आपल्या शाळेत अशी मागणी करणार असेल, तर पत्राचा मसुदा मी पाठवीन.