घरमालक, पिसवा आणि बसस्टॉप

आमच्या घरात हसवायचं खातं माझ्याकडे आहे. मुंज असो, बारसं असो, जेवणं आटोपून सतरंजीवर मंडळी पसरली की कुणीतरी म्हणतंच, "ए, ती घरमालकाची गोष्ट सांग ना." मग मी सांगते. ठाण्यात आम्ही दोघी भाड्याची जागा बघायला गेलो होतो. घरमालकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "बहिणी का?" मी म्हटलं, "हो, जुळ्या." ती माझ्यापेक्षा फूटभर उंच, त्यात मल्याळी. इथे हशा पिकतो. काकांना दर वेळी ठसका लागतो. ती माझी कोण, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत आहे आणि तो शब्द आजवर एकानेही तोंडातून काढलेला नाही.

परवा ऑस्ट्रेलियन कॉमेडियन हॅना गॅड्सबींचा स्टँडअप कार्यक्रम 'नॅनेट' तिसऱ्यांदा पाहिला. (गॅड्सबी आता स्वतःसाठी इंग्रजीत 'शी' नाही, 'दे' वापरतात. त्यावर तिकडे केवढे वाद! आपण मराठीत आदरार्थी बहुवचन लावून मोकळे.) २०१८च्या जूनमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला आणि तेव्हापासून एक वाक्य ऐकतेय: हा विनोद नाही, भाषण आहे. माझा एक मित्र स्वतः ओपन माइकला स्टँडअप करतो, तोही हेच म्हणतो. बरोबर आहे त्याचं. पण भाषण कुठून सुरू होतं आणि का, ते त्याने पाहिलेलं नाही.

सुरुवातीला गॅड्सबी एक किस्सा सांगतात. रात्री उशिरा बसस्टॉपवर एका मुलीशी बोलणं चाललेलं असतं. तिचा मित्र येतो, गॅड्सबींना पुरुष समजतो आणि अंगावर धावतो. मुलगी ओरडते, अरे ती बाई आहे. हा लगेच वरमतो, माफी मागतो, मी बायकांवर हात उगारत नाही म्हणतो. लोक खो खो हसतात. मीही हसले. मग तासाभराने गॅड्सबी पुन्हा त्याच बसस्टॉपवर येतात. तो माणूस परत आला होता. आपली चूक कुठे झाली, ही बायकांवर प्रेम करणारी बाई आहे, ते त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने मारलं, बेदम मारलं, आणि कुणीही मध्ये पडलं नाही. गॅड्सबी पोलिसांत गेल्या नाहीत की दवाखान्यात गेल्या नाहीत, कारण आपली तेवढीच लायकी आहे असं वाटत होतं. समलैंगिकता हा गुन्हा मानणारं ऑस्ट्रेलियातलं शेवटचं राज्य टास्मानिया, तिथे तो कायदा १९९७ साली गेला. गॅड्सबी तिथेच वाढल्या.

त्या सांगतात की गोष्टीला सुरुवात, मध्य, शेवट असे तीन भाग लागतात. विनोदाला दोन पुरतात. सेटअप म्हणजे तयारी, आणि पंच म्हणजे हशाचा फटका. म्हणजे हशा हवा असेल तर गोष्ट मध्यावर तोडावी लागते. हे ऐकलं आणि मला माझे काका आठवले, ठसक्यासकट.

असं तोडणं नवं नाही. १९८६ साली अमेरिकन कॉमेडियन एलेन डीजेनेरसना जॉनी कार्सनच्या टीव्हीवरच्या टॉक शोमध्ये बोलावलं होतं. त्यांचा गाजलेला तुकडा म्हणजे देवाला केलेला फोन. देवा, बाकी सगळं ठीक, पण पिसवा कशाला केल्यास? कार्सनने त्यांना शेजारी बसवून गप्पा मारल्या. पहिल्याच खेपेला हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला कॉमेडियन. तो फोन कुठून आला, हे त्यांनी पुष्कळ नंतर सांगितलं. त्यांची प्रेयसी मोटार अपघातात गेली होती. त्या एका तळघरातल्या खोलीत, जमिनीवर गादी टाकून राहत होत्या, आणि त्या खोलीत पिसवा होत्या. असं तरुण माणूस उचलतोस आणि पिसवा ठेवतोस, हे देवाला विचारायचं होतं. प्रेक्षकांपर्यंत पिसवा पोचल्या, प्रेयसी पोचली नाही. १९९७ साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी आपण लेस्बियन असल्याचं जाहीर केलं, आपल्या टीव्ही मालिकेतल्या पात्राकडूनही वदवलं, आणि पुढच्याच वर्षी मालिका बंद झाली. (पुढे त्यांच्या टॉक शोमधल्या कर्मचाऱ्यांनी बऱ्याच तक्रारी केल्या, तो विषय निराळा.)

त्याही आधी अमेरिकेतल्याच कॉमेडियन मॉम्स मॅब्ली. ढगळ झगा, वाकडी टोपी, तोंडाचं बोळकं, आणि बरेच विनोद एकाच गोष्टीवर: म्हातारे नकोत, मला तरणेबांड पुरुष हवेत. १९६२ साली ही कृष्णवर्णीय बाई न्यूयॉर्कच्या नामांकित कार्नेगी हॉलमध्ये उभी राहिली. स्टेजवरून उतरली की पुरुषी कपड्यांत वावरायची, आणि बरोबरच्या कलाकारांना सगळं ठाऊक होतं. आमच्या सतरंजीवर आहे तसंच.

आपल्याकडे बायकी पुरुषावर हसायची सवय पिढ्यांची आहे. गौळणीतली मावशी पुरुषच, आणि टीव्हीवर लुगडं नेसलेला गडी आला की अजून शिट्ट्या पडतात. बाईवर प्रेम करणारी बाई म्हटलं की मला तेंडुलकरांची मित्रा आठवते, १९८१च्या 'मित्राची गोष्ट'मधली. ती शेवटी जीव देते. तिच्यावर हसायची सोय नव्हती, आणि तिला हसवायची तर नव्हतीच नव्हती. दिल्लीच्या वासू प्रिमलानी उघडपणे लेस्बियन म्हणून स्टँडअप करत आल्या, त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कारही मिळाला. माझ्या ओळखीत किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय? दोघांनी.

आता माझी खरी कुरकुर. 'नॅनेट'नंतर लोकांना आमच्याकडून जखमच हवी झालीय. एखादा मुलगा पुण्याच्या ट्रॅफिकवर वीस मिनिटं बोलला तर चालतं. क्वीअर बाई माइकपाशी आली की लोक रुमाल काढून बसतात. मला तिच्याकडून ट्रॅफिकसुद्धा ऐकायचंय. सोसायटीच्या पाणीकपातीवरचे भिकार जोक ऐकायचेत, ज्यात घरी पाणी भरून ठेवणारी तिची बायको सहज येऊन जाईल आणि कुणी "किती धाडसी" म्हणणार नाही. पण गोष्ट मध्यावर कापायची की नाही हे तिने ठरवावं. हशाने ठरवू नये.

गेल्या दिवाळीत फराळाला सगळे जमले होते. फर्माईश झाली. मी चष्मा, कपाळ, "हो, जुळ्या" असं सगळं केलं. काकांना ठसका लागला. माझी मामी, जी एरवी हसून झालं की स्वयंपाकघरात निघून जाते, ती हातात चकली घेऊन तशीच बसून राहिली. म्हणाली, "मग पुढे काय झालं गं? राहिलात का तिथे?"

पंधरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. शेजारी ही बसली होती, तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"तीन महिने राहिलो," मी म्हटलं. "जुलै होता. पावसात टेम्पो मिळेना."