पॅच पाठवण्याआधी पत्रिका पाहा

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कुणालाही बघता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामात, उतरायचं म्हणता? जरूर उतरा, पॅच म्हणजे कोडची दुरुस्ती पाठवा. इथं जात, धर्म, देश कुणी विचारत नाही, फक्त कोड बघतात, असं कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये तुम्हाला सांगितलं असेलच. बरोबर आहे. देश कुणी विचारत नाही. तो त्यांना आधीच दिसत असतो.

तेव्हा सगळ्यात आधी जन्म नीट ठिकाणी घ्या. नाशिक चालेल, सध्या तरी. तेहरान टाळा. तिथल्या पोरांनी जुलै २०१९ मध्ये गिटहब, म्हणजे कोड ठेवायची ऑनलाइन वखार, उघडलं, तर खासगी रिपॉझिटऱ्यांना, म्हणजे तिथल्या कोडच्या कप्प्यांना, कुलूप! कोडमध्ये दोष नव्हता, ग्रह फिरले होते. गिटहब अमेरिकी, आणि इराणवर अमेरिकेचे निर्बंध. अमेरिकी अर्थखात्याचा परवाना मिळून हे कुलूप निघालं ते जानेवारी २०२१ मध्ये. आपल्या त्र्यंबकेश्वरी कालसर्पाची शांत एका सकाळीत उरकते, तेव्हा उगाच गुरुजींना नावं ठेवू नका.

नोकरी शोधताना पगाराचं नंतर बघा, आधी मालकाचं गोत्र काढा. अमेरिकेच्या निर्बंध-यादीतल्या मंडळींची एखाद्या कंपनीत ५० टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असली, की यादीत नाव नसलं तरी ती कंपनीही बाद. आपण याला सुतक म्हणतो. फरक इतकाच, की आपलं तेराव्यापर्यंत तरी फिटतं.

आता लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमचं घ्या. तिच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ‘मेंटेनर्स’ नावाची फाइल आहे. कुठला भाग कोण सांभाळतं, त्यांची नावं तिच्यात असतात. वर्षानुवर्षं फुकट राबल्यावर तिथं एक ओळ मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथून डझनभर नावं खोडली गेली, बहुतेक रशियाशी संबंधित. कारण दिलं होतं एका वाक्यात, नियमपालनाच्या विविध गरजा. पुढं आशाही लावली होती, की पुरेशी कागदपत्रं दिलीत तर परत येता येईल. कुठली कागदपत्रं? ते लिहिलं नव्हतं. सातबाऱ्यावर नाव लावायला हेलपाटे घातलेल्या नाशिककराला यापुढचं सांगायला नको.

आणि गंमत बघा, नावं गेली, पण त्यांनी लिहिलेला कोड ठेवला. सून घराबाहेर काढली, तिनं घातलेलं लोणचं मात्र रोज पानात! ओरड झाली तेव्हा लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्सनी सुनावलं, मी फिनलंडचा आहे, रशियाच्या आक्रमणाला पाठिंबा देईन असं वाटलं का? (युद्ध खरं आहे, युक्रेनमध्ये माणसं मरतायत, आणि यादीतल्या काही कंपन्या लष्कराला माल पुरवतात हेही खरं. पण ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, सांभाळणाऱ्याला निदान आधी सांगून काढायचं होतं, एवढंच म्हणतो.)

राहता राहिला तुमचा पत्ता. परवा आमच्या भाच्यानं पहिला पॅच तयार केला. दुरुस्ती दोन ओळींची, पण खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून आपलं ओळखीचं नाव आणि ईमेल टाकायचा असतो. पोरगं एंटरवर बोट ठेवून थांबलं. समोरची मिसळ गार झाली, तर्रीवर तेलाची साय धरली. मी म्हटलं, कंपनीचा ईमेल नको, घरचा टाक. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात रशियन परवान्यावर सुखोई बनलेत. उद्या कुणाला नाशिकचाच वास आला तर? हसू नका. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर अमेरिकेनं आपल्यावरही निर्बंध घातले होते. तेव्हा कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट जन्मलंच नव्हतं, म्हणून निभावलं.

लासलगावचा मामा हे सगळं ऐकत होता. डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा त्याच्या दोन ट्रॉल्या बाजार समितीच्या दाराशी उभ्या होत्या. त्याला लिनक्स कळत नाही, पण बंदी कळते. पापडाचा तुकडा मोडत त्यानं भाच्याला एवढंच विचारलं, “मग तुमच्यात लिलाव कुठं बंद पाडायचा असतो रे?”