चिखलात रूपक

गाण्याच्या मंडळात ज्याच्या हाताला काम कमी, त्याच्या डोक्यात योजना जास्त. आमच्या मंडळात तंबोरा मोबाइलवर लागतो. तो लावायला एक बोट आणि अर्धं मिनिट पुरतं, पण ते बोट ज्यांचं आहे त्यांना आम्ही आदराने ‘तंबोरेवाले’ म्हणतो, आणि तेही कार्यक्रमभर डोळे मिटून, आत्ताच तारांची जव्हारी काढून, म्हणजे सूर घुमता करून बसल्याच्या चेहऱ्याने बसतात. या मिटल्या डोळ्यांमागे काय चालतं ते मागच्या वसंतात कळलं.

“आपण हॉस्पिससाठी मड रन करू या,” ते म्हणाले.

भैरवी नुकतीच संपली होती आणि सगळ्यांचं लक्ष बटाटेवड्यांकडे होतं, त्यामुळे विरोध झाला नाही. इंग्लंडातल्या मराठी मंडळांत ठराव असेच पास होतात.

वडा संपल्यावर काकूंनी विचारलं, “म्हणजे करायचं काय नेमकं?”

“पाच किलोमीटर पळायचं. वाटेत जाळ्या, भिंती, घसरगुंड्या. आणि चिखल.”

“आणि ते पैसे देतात?”

“नाही, नावनोंदणीचे पैसे आपण भरायचे. देणग्या लोक देतात, त्या हॉस्पिसला.”

पेटीवाले भाई मूळचे गोव्यातल्या माशेलचे. ते पेटीचा भाता बंद करत म्हणाले, “माझा आजा जन्मभर चिखलातच उभा राहून भात लावायचा. त्याला कुणी पदक दिलं नाही बाबा.”

खरं तर हॉस्पिसचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या संस्थेचं, नाव निघाल्यावर कुणी ‘नाही’ म्हणणारच नव्हतं. काकूंचे यजमान शेवटी तिथेच होते. तिथल्या नर्सबाईंनीच सुचवलं म्हणून आम्ही काकांच्या खोलीत जाऊन दोन अभंग म्हटले होते, आणि काकांनी डोळे न उघडता “तबला जरा हळू” एवढंच म्हटलं होतं. तबला मी वाजवतो. काका गेले, वाक्य मंडळात राहिलं आणि दर तालमीला कुणी ना कुणी ते वापरतं.

इथली हॉस्पिस बरीचशी लोकांच्या देणगीवर चालतात. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ साली लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं, तिथून ही आधुनिक चळवळ पसरली. पण प्रौढांच्या हॉस्पिसना आजही सरकारकडून खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा मिळतो. उरलेलं लोकांनी बघायचं. म्हणून हे लोक अखंड काहीतरी करत असतात. कर्करोगासाठी पळतात, हृदयासाठी सायकली हाणतात, म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमासाठी केक भाजतात. आपल्याकडे दान गुपचूप करावं म्हणतात. इथे दान करायचं तर आधी स्वतःचे हाल जाहीर करावे लागतात.

“हालच करायचे तर गाण्याचा कार्यक्रम करू की,” असं आमच्या निवेदकांनी सुचवलं आणि आपण काय बोलून गेलो हे त्यांना वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. वहिनी आमच्या मुख्य गायिका, लातूरच्या. निवेदक त्यांचे यजमान. बाकी कार्यक्रम आम्ही एकदा केलाही होता. हॉलचं भाडं, माइकवाला आणि वडे वजा जाता जे उरलं त्यात हॉस्पिसचा चहासुद्धा भागला नसता.

उलट तंबोरेवाल्यांनी मड रनचं देणगीचं पान उघडलं मात्र, आणि पैशांची रीघ लागली. आमच्या तिकिटाला पाच पौंड काढताना खिसे चाचपणारे लोक आम्ही चिखलात पडणार म्हटल्यावर वीस-वीस पौंड देऊ लागले. एका गृहस्थांनी भाईंचा पडतानाचा फोटो आला तर रक्कम दुप्पट करीन, असं लेखी कळवलं. इथला करदाता देणगी देताना गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करतो, तेव्हा सरकार दर पौंडामागे पंचवीस पेन्स आणखी घालतं. म्हणजे भाईंच्या पडण्यात महाराजांच्या खजिन्याचीही गुंतवणूक होती. इतकी वर्षं गाऊन आमचं नेमकं मूल्य काय ते असं एका आठवड्यात कळलं.

हे चिखलाचं खूळ आलं कुठून याची मी जरा माहिती काढली, आणि काढली नसती तर बरं झालं असतं. वुल्वरहॅम्प्टनजवळच्या एका शेतावर १९८७ पासून ‘टफ गाय’ नावाची शर्यत होत असे, तीही जानेवारीत. भरवणारे गृहस्थ माजी सैनिक, स्वतःला ‘मिस्टर माऊस’ म्हणवून घ्यायचे. आणि जे होईल त्याला मीच जबाबदार, अशा मजकुराच्या ‘डेथ वॉरंट’वर आधी सही घ्यायचे. पुढे २०१० साली अमेरिकेत ‘टफ मडर’ निघाली. तिच्या एका अडथळ्यात लोंबत्या जिवंत तारांतून धावायचं असे आणि दहा हजार व्होल्टपर्यंतचा झटका बसतो असं ते अभिमानाने सांगत. आमची शर्यत या खानदानातली अगदी धाकटी, सोज्वळ पाती. तिच्यात विजेच्या तारा नव्हत्या. सही मात्र होती.

मग प्रत्येकाला आपापला अवयव आठवला. वहिनींना गळा, भाईंना बोटं, निवेदकांना गुडघा. मी म्हटलं, “माझ्या हाताला काही झालं तर?”

“तुमच्या तबल्याचा डावा तसाही ऐकू येत नाही, भावजी,” वहिनी म्हणाल्या.

सराव गावच्या पार्कात सुरू झाला. तिथे एक वेगळीच अडचण निघाली. तबलजीला मोजल्याशिवाय हलता येत नाही. मी चालायला लागलो की आत केरवा ताल सुरू होतो, आणि तोवर ठीक असतं. आठ मात्रा, सम म्हणजे पहिली मात्रा दर वेळी डाव्या पायावर. दादरा धरला तरी बिघडत नाही. सहा मात्रा, डाव्यावर टाळी, चौथ्या मात्रेला उजव्यावर खाली, म्हणजे टाळीविना जाणारी मात्रा. पण एका संध्याकाळी मेल्या डोक्यात रूपक शिरला. सात मात्रा, पाय दोन. सम एकदा डाव्यावर येते, पुढच्या आवर्तनात उजव्यावर, आणि रूपकात समेलाच खाली. कुठला पाय जोरात टाकावा या विचारात मी एका बाकावर जाऊन आदळलो. भाई मागून म्हणाले, “आमच्या गोव्याचे तबलजी खाप्रूमाम पर्वतकर एका हाताने एक ताल, दुसऱ्याने दुसरा आणि पायाने तिसरा धरायचे म्हणतात. तुला एक झेपेना?” खाप्रूमामांना कुणी ट्रॅकसूट घालून पळवलं नव्हतं, हे मी बोललो नाही. गोव्याच्या माणसापुढे खाप्रूमामांवरून वाद घालू नये.

शर्यतीच्या दिवशी बर्कशायरमध्ये लख्ख ऊन पडलं. बारा महिने पिरपिरणाऱ्या या देशात नेमका त्याच आठवड्यात थेंब नव्हता, आणि शेत कडक वाळलेलं. मग फाटकातून पाण्याचा टँकर आत आला आणि त्याने नळी सोडून चर भरायला सुरुवात केली.

वहिनी जागच्या जागी थांबल्या. “हे पिण्याचं पाणी आहे?”

“असेल,” निवेदक म्हणाले.

“आमच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. रेल्वेने! आणि हे टँकर लावून चिखल करतायत?” त्या टँकरवाल्याकडे निघाल्याच होत्या, पण तेवढ्यात भोंग्यावरून वॉर्म-अपची हाक आली.

मंचावर एक चपळ मुलगी उड्या मारत होती. “फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!” मोजणी पाचपासून. सगळं मैदान पहिल्या मात्रेला डावीकडे झुकलं. आम्ही पाचव्यालाच झुकलो होतो, कारण केरव्यात पाचव्या मात्रेला खाली असते आणि खालीपासून उठाण घेतली की समेवर यायचं हे रक्तात. भाई मात्र स्थितप्रज्ञ उभे. “ही बाई मुखडा देतेय. अजून ठेका कुठे लागलाय?”

तंबोरेवाले मैदानात नव्हतेच. ते दोरीच्या पलीकडे खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर आमचे सगळ्यांचे मोबाइल, चश्मे, वहिनींचं मंगळसूत्र आणि काकूंच्या पाटल्या. “कुणीतरी सांभाळायला हवं ना,” ते म्हणाले आणि डोळे मिटले.

पहिला दीड किलोमीटर आम्ही बरे दिसलो. भाई पुढे, कारण पेटीवाल्याला घाई असतेच. अंतरा संपायच्या आत पुढच्या ओळीवर जायचं ही त्यांची जुनी खोड. काकू मागे, पण टाळासारख्या एकसारख्या. निवेदक दोन्हीकडे, कारण प्रत्येक वळणावर थांबून ते पुढच्या अडथळ्याची माहिती सांगत होते. आमचं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांनी लांबूनही आम्हाला ओळखलं असतं.

मग जाळीचा चर आला. गुडघ्याएवढा चिखल, वर ताणलेली दोरखंडांची जाळी, खालून सरपटत पलीकडे जायचं. मी आडवा झालो. तोंडापासून चार बोटांवर चिखल. त्यात गवताची पाती, कुणाची तरी केसांची गुलाबी पिन आणि घोड्यांच्या वास्तव्याच्या खुणा. वास असा की तोंडाने श्वास घ्यावा वाटावं, आणि तोंड उघडलं की पुढच्याने उडवलेला शिंतोडा थेट आत. पुढे वहिनी होत्या. त्यांनी शिंतोडा उडवला नाही, ओंजळच फेकली, आणि मला वाटतं ती डाव्याबद्दलची तक्रार होती. माझा उजवा बूट तिथे राहिला. मी हात घालून शोधत होतो तर हाताला दुसऱ्याच कुणाचा तरी बूट लागला. घातला. मोठा होता, पण रूपकात पळणाऱ्याला दोन वेगळे पाय सोयीचेच.

जाळीच्या मध्यावर निवेदकांचा शर्ट अडकला. “रसिकहो,” ते सवयीने म्हणाले आणि पुढे त्यांना सुचेना. इतक्या वर्षांतलं त्यांचं हे सर्वांत नेटकं निवेदन.

दर अडथळ्यापाशी पिवळ्या जाकिटातली एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी उभी. ती येणाऱ्या प्रत्येकाला “यू आर डूइंग अमेझिंग!” म्हणायची. सरपटणाऱ्याला, पडलेल्याला, रडवेल्यालाही. इतकी दाद आम्हाला आयुष्यात मिळाली नव्हती. काकू तर तिचं ऐकायला एकदा मागे जाऊन आल्या.

शेवटचा खड्डा मोठा होता. कमरेपर्यंत चिखल, आणि ऊन्हाने वरून घट्ट होत आलेला. वहिनी मध्यावर थांबल्या, निवेदक त्यांच्या मागे, मी मागे. पाय उचलला की तो वर येईना. आणि इथे भाईंचं काहीतरी झालं. सकाळपासून “बोटं सांभाळा” म्हणणारा हा माणूस काठावर उभा राहून हसत होता.

“आमच्या माशेलात,” ते म्हणाले, “आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला असतो. अंगाला तेल लावून गडी चिखलात उतरतात, खेळतात, लोळतात. पण आधी भजन, मग चिखल. तुम्ही भजन गाळलंत. म्हणून रुतलात.”

एवढं बोलून त्यांनी थेट पोटावर सूर मारला. देणगीदाराचा फोटो! पण कॅमेरे सगळे तंबोरेवाल्यांच्या मांडीवर. नंतर कळलं की त्यांनी त्या क्षणी डोळे उघडले होते आणि मोबाइलचं चित्रणही सुरू केलं होतं. माणूस अगदीच कामाचा नाही असं नाही.

वहिनींनी ‘जय जय विठोबा रखुमाई’ धरलं. काकूंनी चिखलाच्या हातांनी टाळ्या. त्यांचा आवाज पच्-पच् असा, पण ठेक्यात. मी पोटावर वाजवला. डावा इथे मस्त लागत होता. लय वाढली. “तबला जरा हळू,” काकू म्हणाल्या, आणि आम्ही सगळे इतके हसलो की निवेदक बसले ते गळ्याइतक्या चिखलात.

आता असं की भजन सुरू केलं तर मध्येच सोडून कसं निघणार? मागे फ्रॉकच्या झालरी लावलेल्या बायकांचा एक जथा आला, त्यांच्यामागे अग्निशमन दलाचे चार धिप्पाड जवान, त्यांच्यामागे आणखी कोण कोण. कुणी ढकललं नाही, कुणी “एक्स्क्यूज मी”सुद्धा म्हटलं नाही. रांग लागली म्हटल्यावर इंग्रज माणूस तिला मान देतो. मग ती चिखलात का असेना. आमची तिहाई, म्हणजे शेवटी तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, होईपर्यंत ते सगळे कमरेएवढ्या चिखलात शांत उभे होते. तिहाईच्या दुसऱ्या धा वर त्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. संपली असं वाटलं बिचाऱ्यांना.

पदकं मिळाली, केळं मिळालं, गार पाण्याच्या नळीखाली सगळ्यांना उभं केलं. वहिनींनी एक माणूस हलून दुसरा येईपर्यंत दर वेळी नळ बंद केला. गाडीच्या सीटवर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या अंथरून आम्ही घरी आलो, आणि माझ्या नखांतला तो चिखल इतका चिवट निघाला की तबल्याच्या शाईवर बोट ठेवायला बरेच दिवस लाज वाटत होती. हॉस्पिसला हजारावर पौंड गेले. दुप्पटवाल्या गृहस्थांनी शब्द पाळला.

तंबोरेवाल्यांनी तो व्हिडिओ फिरवला आणि परवा शेजारच्या गावच्या मंडळाचा फोन आला. दिवाळीच्या कार्यक्रमात आम्हाला वीस मिनिटं देणार. पंधरा मिनिटं व्हिडिओ, पाच मिनिटं गाणं.

“गाणं आधी ठेवा म्हणावं,” वहिनी म्हणाल्या. “व्हिडिओनंतर कोण ऐकणारे?”

भाईंनी तोवर व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला होता आणि पेटीवर एक पट्टी दाबून धरली होती. “वहिनी, इथे तुम्ही अर्धा सूर चढलायत.”

“चिखलात पेटी होती का, भाई?”

“होतो की मी,” भाई म्हणाले. “विचारायचं.”