पंचविशीतली अगाथा

अगाथा ख्रिस्तीचं नाव निघालं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या केसांची आजी येते. मला मात्र आठवते ती पहिल्या महायुद्धातली, इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या रुग्णालयात औषधं तयार करणारी पंचविशीतली मुलगी. नोकरीमुळे लिहायला वेळच मिळत नाही, असं कुणी म्हणालं की मी तिच्याबद्दल सांगत सुटते. कारण माझ्या मते रहस्यकथाकार म्हणून ती घडली ती त्या औषधांच्या खोलीतच.

ती एका अनुभवी औषधविक्रेत्याच्या हाताखाली शिकत होती. एकदा सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधाच्या वड्या, बनवताना त्याने प्रमाणात दशांशचिन्ह चुकवलं. तिच्या लक्षात आलं. पण शिकाऊ मुलीने गुरूला तोंडावर सांगायचं कसं? आणि गप्प बसावं तर एखाद्या रुग्णाच्या जिवावर बेतायचं. तिने अडखळल्याचं निमित्त करून तो सगळा घाणा जमिनीवर पाडला, वर त्याच्यावर चांगला पाय दिला आणि मग माफी मागितली. आत्मचरित्रात हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. केवढं हे प्रसंगावधान!

याच माणसाच्या खिशात क्युरारे या विषाचा खडा असायचा. तो जवळ असला की अंगात ताकद आल्यासारखं वाटतं, असं तो तिला म्हणाला होता. हा माणूस तिने चाळीसहून जास्त वर्षं मनात जपला आणि १९६१च्या 'द पेल हॉर्स' या कादंबरीत त्याला जागा दिली.

तुला रहस्यकथा जमायची नाही, असं थोरली बहीण म्हणाली होती. ते तिच्या डोक्यात होतंच. काम कमी असेल तेव्हा, भोवती विषाच्या बाटल्या असताना, तिने पहिलं कथानक जुळवलं. गावात बेल्जियमचे निर्वासित आले होते, त्यातून तिला तिचा बेल्जियन डिटेक्टिव्ह हर्क्यूल पॉयरो सापडला. १९१६मध्ये आईच्या सांगण्यावरून ती सुट्टी काढून जवळच्या डार्टमूर या माळरानावर गेली. सकाळभर लिहायची, दुपारी माळावर एकटीच चालत पात्रांचे संवाद मोठ्याने म्हणायची.

मग हस्तलिखित साभार परत येत राहिलं. अखेर जॉन लेन या प्रकाशकाने ते घेतलं, पण कोर्टातला शेवट बदलायला लावला. ही सूचना रास्तच होती. १९२०मध्ये पुस्तक आलं. तिच्या हाती पडले २५ पौंड, आणि पुढची पाच पुस्तकंही त्यालाच द्यायची असा करार. पुस्तक छापलं जाणार या आनंदात तिने सही केली. मला हे आजही टोचतं. 'धंदा असाच चालतो' म्हणून मी ते सोडून देऊ शकत नाही. नवख्या लेखकाच्या आनंदाचा असा फायदा घेणं चूकच.

औषधविक्रेत्यांच्या व्यावसायिक नियतकालिकानेही त्या पुस्तकाचं परीक्षण छापलं. विषाची माहिती चोख दिली आहे, असं त्यात कौतुक होतं. या अभिप्रायाचं तिला फार अप्रूप होतं.