अंतर भागिले वेग, की झाला प्रवास!

"हेलसिंकी ते टोकियो विमानाला किती तास?" दोन शहरांमधलं अंतर आणि वेळ सांगणाऱ्या एका वेबसाइटला एवढंच विचारलं होतं. तिच्या चौकटीत टेचात उत्तर आलं: ७,८०० किलोमीटर, ८ तास ४० मिनिटं. मिनिटं बरं का! जणू हा बाबा घड्याळ लावून कॉकपिटमध्येच बसला होता.

अरे, ७,८०० ला ताशी ९०० किलोमीटरच्या वेगाने भागलंस तू, दुसरं काय केलंस? २०२२ पासून रशियाने युरोपातल्या बहुतेक विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलंय. हेलसिंकीची विमानं सैबेरियावरून सरळ जायची, ती आता ध्रुवाकडून नाहीतर दक्षिणेकडून भलामोठा वळसा घालतात. लागतात जवळपास तेरा तास. आणि मी शहाणा, ८ तास ४० मिनिटांच्या भरवशावर पोहोचण्याच्या दिवशीचीच एक भेट ठरवून बसलो. तिकीट काढायला गेलो तेव्हा कळलं, त्या वेळी मी अजून ढगांच्या वरच असणार! आता माफी मागत फिरतोय.

चिडून मग लंडन-ऑकलंड टाकून पाहिलं. सुमारे १८,३०० किलोमीटर, २० तास २० मिनिटं. कुठल्या विमानाने जायचं, तेही सांग की! सिंगापूर-न्यूयॉर्क ही इतकी गाजलेली लांब फेरी, ती साधारण १५,३०० किलोमीटरची, आणि तिलाच अठरा तासांच्या वर लागतात. ऑकलंडला जाणाऱ्याला वाटेत उतरावंच लागतं. तिथे सुरक्षा तपासणीची रांग, पुढच्या विमानाची वाट पाहत खुर्चीत वाकडं होऊन झोपणं, हे सगळं त्या चौकटीत शून्य मिनिटांचं. एअरलाइनच्या वेळापत्रकातली वेळसुद्धा गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीकडे रांगत जाणं, उतरायला जागा मिळेपर्यंत घिरट्या घालणं, सगळं त्यात धरलेलं असतं. यांचं विमान मात्र बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं आणि थेट नकाशातल्या टिंबावर जाऊन आदळतं.



आणि वारा? वारा वाहतो हे यांच्या गावीच नाही. अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो, म्हणून न्यूयॉर्कहून लंडनला येताना साधारण एक तास वाचतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं होतं. उलट दिशेने त्याच वाऱ्याला तोंड देत जाताना आठ तासही लागतात.

त्या चौकटीशेजारी दिशा उलटवायचा एक बाण असतो. लंडन-न्यूयॉर्क टाकून तोही दाबून पाहिला. नावं इकडची तिकडे झाली. ६ तास ९ मिनिटं तशीच्या तशी.