गळ्याला काचतो म्हणे!

सहा वर्षांची भाची मागच्या सीटवर बसलेली, पाय लोंबकळतायत. बेल्टचा वरचा पट्टा गळ्यावर येतो म्हणून दाजींनी तो उचलून सरळ तिच्या काखेखालून घातला आणि वर मला म्हणतात, "बघ, आता काचत नाही." मी म्हटलं, दाजी, असं नका करू. तर ठरलेलं उत्तर तयार: "अरे, बेल्ट लावलाय ना!"

लावलाय हो! पण कुठे लावलाय? पोटावर!

किती वेळा सांगायचं की तो पट्टा मोठ्यांच्या अंगाच्या मापाचा आहे. खालचा आडवा पट्टा मांडीच्या वर, कमरेच्या हाडांवर बसायला हवा. मोठ्या माणसाचं ते हाड पुढून चांगलं उभं असतं, पट्टा त्याला धरून राहतो. लहान मुलांच्या त्या हाडाचे पुढचे उंचवटे अजून धड तयारच झालेले नसतात. त्यात सीट लांब. पाठ टेकून बसलं तर गुडघे कडेपर्यंत पोचत नाहीत, मग पोर पुढे घसरून बसतं आणि पट्टा चढतो बेंबीवर. आता समोरून धडक बसू द्या. अंग पट्ट्याखालून पुढे सरकतं, पट्टा पोटात रुततो, आणि आतडं पट्टा आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये चिरडतं. वरचा पट्टा छातीवर नसला की शरीर कमरेत चादरीसारखं घडी होतं आणि कमरेचा मणका आडवा चिरतो. १९६२ सालापासून डॉक्टरांनी याला 'सीट बेल्ट सिंड्रोम' असं नाव देऊन ठेवलंय. नवीन काही नाही यात!

आणि सगळ्यात संताप येतो तो "काही झालं नाही, नुसता वळ उठलाय" याचा. पोटावरचा तो आडवा वळ म्हणजेच धोक्याची घंटा! आतडं फाटलेलं कधीकधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी कळतं. तोवर पोर हसतखेळत असू शकतं. वळ दिसला की थेट दवाखाना, हळद लावत बसू नका.

हे सांगितलं की दुसरं टोक गाठतात. "मग बेल्टच नको, मांडीवर घेतो." अहो, ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं! तुमच्या हातात एवढी ताकद आहे? बेल्ट हवाच, पण अंगावर नीट बसणारा.

उपाय काय, तर बूस्टर सीट, म्हणजे गाडीच्या सीटवर ठेवायची मुलांची उंच बैठक. मुलाला थोडं वर उचलते, पट्टा आपोआप खांद्याच्या मधोमध आणि मांडीवर येतो. साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत ती लागतेच. पण नाही! "ती काय आता बाळ आहे का?" वय मोजतात, उंची कोण मोजणार? त्याच गाडीत मोबाइलला होल्डर आहे, बाटलीला होल्डर आहे, गॉगल ठेवायला वेगळा कप्पा आहे.

निघताना मीच तो पट्टा परत तिच्या छातीवर आणून दिला. गाडी सुरू झाली, तिने हात वर केला. मला वाटलं टाटा करतेय. पट्टा काखेखाली घेत होती.