मोबाइलवर दिसतंय, पण ओळखू येतंय का?

दिवाळीच्या आधीपासून एक मेसेज आमच्या कोपरखैरण्यातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘सीसीटीव्हीवाल्यांच्या नादी लागू नका. दीड-दोन हजारांचा वायफाय कॅमेरा आणा. वायरिंग नको, रेकॉर्डर नको. मेगापिक्सेल जास्त बघून घ्या, चेहरा आपोआप स्पष्ट येतो. उंच लावा म्हणजे चोराचा हात पोचत नाही. मेमरी कार्ड टाका, सगळं त्यात राहतं. घर आपलं, कॅमेरा आपला, कोणाला विचारायची गरज नाही. चोरी झालीच तर व्हिडिओ पोलिसांना पाठवा, तोच पुरावा.’

मी कॅमेरे बसवायचं काम करतो. हा मेसेज खोडण्यात माझा फायदा आहे, असं कोणालाही वाटेल. म्हणून त्यातलं खरं आहे ते आधी मान्य करतो. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आजारी आईकडे किंवा लहान मुलाकडे ऑफिसातून लक्ष ठेवायचं असेल, तर वायफाय कॅमेरा पुरतो. माझ्या घरीही तोच आहे. पण हा मेसेज चोरीबद्दल बोलतोय, आणि तिथे तो लोकांचं नुकसान करतोय.

‘उंच लावा’ यापासूनच सुरुवात करतो, कारण तात्यांच्या दारातून गेलेली स्कूटर यापायीच परत मिळाली नाही. तात्या निवृत्त माथाडी. वाशीच्या मार्केटात उभं आयुष्य पोती वाहिली आणि रो-हाउसवर एक मजला चढवला. नातवाची स्कूटर रात्री दारातून गेली, तेव्हा फुटेज काढायला त्यांनी मला बोलावलं. कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर होता, जमिनीपासून पंधरा फुटांवर. आम्ही दोघं मोबाइलवर एकेक फ्रेम पुढे सरकवत बसलो. टोपी, पाठीवर सॅक आणि हँडलवर दोन हात. नाक नाही, हनुवटी नाही. माणूस अकरा सेकंद दारात उभा होता आणि त्या अकरा सेकंदांत चेहऱ्याची एक रेघ दिसली नाही. तात्या म्हणाले, “बाळा, जरा मोठं करून बघ की.” मोठं केल्यावर टोपीचे नुसते चौकोन झाले.

पंधरा फुटांवरून खाली उभ्या माणसाकडे बघितलं तर डोकंच दिसणार. चेहरा हवा असेल तर कॅमेरा दाराच्या चौकटीच्या जरा वर, साडेसात-आठ फुटांवर हवा, आणि येणारा माणूस समोरून त्याच्याकडे चालत यायला हवा. एवढ्या उंचीवर हात पोचतो, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे दुसरा कॅमेरा वर लावायचा, ज्याच्या नजरेत पहिला कॅमेरा येतो. वरचा कॅमेरा काय घडलं ते सांगतो, खालचा कोणी केलं ते सांगतो. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामांची अपेक्षा धरली की दोन्ही बिघडतात.

आता मेगापिक्सेल. दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा आकडा हाच, आणि अर्धवट समजलेलाही हाच. एका मीटर रुंदीत किती पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, पडतात यावर चेहरा ओळखू येणं ठरतं. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटवायला मीटरला २५० पिक्सेल धरलेत. लेन्सचा अँगल नव्वद अंशांचा धरा. मग कॅमेऱ्यापासून जितकं अंतर, त्याच्या दुप्पट रुंदी चित्रात मावते. आठ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी ३८४० पिक्सेल. माणूस १० मीटरवर असेल तर २० मीटर रुंदीत ते ३८४० वाटले जातात, म्हणजे मीटरला १९२. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा तिथे १२८ वर येतो. आणि साधा दोन मेगापिक्सेलचा, १९२० पिक्सेलवाला, माणसापासून ३ मीटरवर लावला तर मीटरला ३२० मिळतात. म्हणजे दारावरचा स्वस्त कॅमेरा गल्लीच्या टोकाकडे रोखलेल्या महागड्या कॅमेऱ्याला मागे टाकतो. लांबचं बघायचंच असेल तर ६ किंवा ८ एमएमची लेन्स मागा. तिचा अँगल अरुंद असतो, पण जेवढं दिसतं तेवढं कामाचं असतं.

शिवाय त्याच आकाराच्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, पिक्सेल वाढवले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो. दुकानात दिवसा दाखवलेलं चित्र सुंदर असतं, रात्री दोन वाजता त्यात दाणे दाणे दिसतात. तात्यांच्या फुटेजमध्ये गल्लीच्या तोंडावर वळताना स्कूटरची मागची प्लेट क्षणभर दिसत होती. पण प्लेटवरचा चकाकणारा कागद कॅमेऱ्याचा रात्रीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा इन्फ्रारेड उजेड सरळ परत फेकतो. आकडे गेले, नुसता पांढरा पट्टा राहिला. त्या उजेडात रंगही येत नाहीत. दारात नऊ वॅटचा एलईडी बल्ब रात्रभर जळत असता, तर निदान सॅकचा आणि शर्टाचा रंग सांगता आला असता. आणि कॅमेऱ्यापुढचं कोळ्याचं जाळं महिन्यातून एकदा झाडूने काढा. रात्री तो एकच धागा चित्रभर पांढरा पसरतो. पावसाळ्यात कॅमेऱ्यापुढे किडे येतात, किड्यांमागे पाल येते, आणि मोबाइलवर सूचनांचा इतका भडिमार होतो की लोक सूचनाच बंद करून टाकतात.

‘मेमरी कार्डात सगळं राहतं.’ किती दिवस राहतं, ते मेसेज सांगत नाही. १ एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिट घेणारं, रेकॉर्डिंग चोवीस तास ठेवलं तर १०.८ जीबी होतं. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (ही व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) साधारण २ एमबीपीएस घेतो, म्हणजे रोजचे २१.६ जीबी. ६४ जीबीचं कार्ड पुरते तीन दिवसही धरत नाही. मग जुन्यावर नवीन चढतं. आमच्याकडची कित्येक घरं सातारा-सांगलीकडची. चैत्रात गावच्या यात्रेला कुलूप लावून आठ-आठ दिवस जातात. दुसऱ्या रात्री घर फुटलं आणि नवव्या दिवशी परतलात, तर कार्डात रिकामी गल्लीच मिळणार. फक्त हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवा म्हणाल, तर आमच्या गल्लीत हालचाल थांबते कधी? आणि चोराने कॅमेराच उपटला तर कार्डही त्याच्याबरोबर गेलं.

म्हणून रेकॉर्डर लागतो, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र घरातल्या एका डिस्कवर साठवणारा डबा. चार कॅमेऱ्यांचे याच हिशोबाने दिवसाला ८६.४ जीबी होतात. २ टीबीच्या डिस्कवर तीन आठवडे बसतात, पुरा महिना हवा तर ४ टीबी घ्या. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेली घ्या, जुन्या कॉम्प्युटरमधली काढून लावू नका. आणि रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, चोराची नजर पहिली तिथेच जाते. माळ्यावर किंवा हवा खेळेल अशा कुलपाच्या कपाटात ठेवा.

‘वायरिंग नको’ हे ऐकायला गोड आहे. पण वायफाय कॅमेऱ्यालाही वीज लागतेच, वायर फक्त प्लगपर्यंत येऊन थांबते. पावसात लाइट गेली की राउटरही जातो. कॅट-सिक्सची, म्हणजे नेटवर्कची, एकच वायर पीओई स्विचवरून (त्याच वायरीतून वीजही देणारा डबा) १०० मीटरपर्यंत चित्र आणि वीज दोन्ही नेते, आणि तो स्विच, रेकॉर्डर आणि राउटर इन्व्हर्टरवर टाकले की घरात अंधार असला तरी कॅमेरे चालू राहतात. वायर घेताना एका टोकाची तार ब्लेडने खरवडून बघा. आतून चांदीसारखी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, परत करा. बाहेरचा जोड उघडा सोडू नका, जंक्शन बॉक्समध्ये घ्या आणि वायरीला खालून एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून जाईल, बॉक्सात शिरणार नाही. खाडीच्या हवेत एका पावसाळ्यात हिरवा गंज चढलेले जोड मी स्वतः कापून काढलेत.

पासवर्डचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, तेही कंपनीने दिलेला पासवर्ड मालकांनी बदलला नव्हता एवढ्याच जोरावर. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारमान्य सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे. खोक्यावर नाव-गाव नसलेला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी बेडरूमकडे तोंड करून लावू नका.

‘घर आपलं, कॅमेरा आपला’ हेही तितकंसं खरं नाही. आमच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दारावरचा कॅमेरा समोरच्यांच्या मोरीपर्यंत बघतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. कोलकात्यातल्या एका घरात सहरहिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवायला तिथल्या उच्च न्यायालयाने मनाई केली, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. बहुतेक रेकॉर्डरमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करायची सोय असते. समोरच्या ताईंना घरी बोलावून तो काळा भाग स्क्रीनवर दाखवा. सोसायटी असेल तर कमिटीला लेखी कळवा.

राहिला पुरावा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो, ती मूळ फाइल नसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा नवा कायदा, लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डबरोबर प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहायची. हा आग्रह नवा नाही. जालन्यात २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला होता का, हा वाद अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल तर जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब कलमाचं प्रमाणपत्र लागतंच. म्हणून चोरी झाल्यावर आधी जुन्यावर नवीन चढणं थांबवा, मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा, आणि कार्ड किंवा डिस्क फॉरमॅट करू नका.

आणि घड्याळ बघा. तात्यांच्या कॅमेऱ्यात चोरीची वेळ पहाटे पाच वाजून दहा मिनिटं दिसत होती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात तीच स्कूटर दोन चाळीसला वळली होती. कॅमेऱ्यावर कंपनीची वेळ तशीच राहिली होती, चीनची, आपल्यापेक्षा अडीच तास पुढची. तक्रारीत तात्यांनी पाच दहा लिहून दिलं होतं. ते दुरुस्त करायला त्यांना दोनदा पोलीस ठाण्यात जावं लागलं.

गेल्या शनिवारी त्यांच्याकडे नवीन फिटिंग पूर्ण केलं. दोन कॅमेरे, एक दारावर आठ फुटांवर, एक गच्चीवरून त्याच्यावर नजर ठेवणारा. रात्री अकराला बाहेरचा बल्ब चालू ठेवला आणि नातवाला टोपी घालून, मान खाली करून गल्लीतून चालत यायला सांगितलं. पहिल्या खेपेला प्लेबॅकमध्ये पुन्हा टोपीच आली. ब्रॅकेट वीतभर खाली घेतलं, अँगल जरा वर उचलला. दुसऱ्या खेपेला नाक आलं, ओठ आले, हनुवटीवरचा जुना व्रण आला. तात्यांनी चष्मा लावून दोनदा बघितलं आणि म्हणाले, “आता कस स्क्रू.”